फूल नसताना सदाहरित जंगलातली समोरासमोर पानांची झुडपं कशी ओळखायची? (आंबोलीची दोन झुडपं)

घाटमाथा
आंबोलीच्या सदाहरित पट्ट्यातल्या दोन झुडपांची ओळख हवी आहे. ऑगस्टचा दुसरा आठवडा, फूल-फळ काही नाही. दोन्हींची पानं समोरासमोर, साधी, कडा अखंड.

क्र. १ : उंची साधारण तीन मीटर, खोड वेडंवाकडं. पान ७ × ३.५ सेंमी, जाड, वरून गडद हिरवं आणि चकचकीत. मधली शीर सोडली तर एकही शीर धड दिसत नाही. चीक नाही. पानं गळून गेलेल्या जुन्या फांद्यांच्या पेरांवर (जिथून पानं फुटतात त्या जागी) बारीक खरबरीत गाठी आहेत.

क्र. २ : दाट सावलीत, उंची दीड मीटर. पान १४ × ५ सेंमी, पातळ, शिरा स्वच्छ दिसतात. उजेडासमोर धरलं की पानभर ठिपके.

ॲपने पहिल्याला एकदा लिगस्ट्रम (जाईच्या कुळातलं झुडूप) म्हटलं आणि एकदा जांभूळ. दुसऱ्याला ठिपके आहेत म्हणजे ते जांभळाच्या कुळातलं, मिर्टेसी, धरायचं का? शिवाय यादीत कुळांची नावं कोणत्या पद्धतीने लिहायची तेही सांगा. कॉलेजची यादी बेंथम-हूकरप्रमाणे (फुलांवरून लावलेली जुनी पद्धत) आहे, नवी पुस्तकं एपीजीप्रमाणे (डीएनएवरून लावलेली नवी).

हुंब
पहिली अंजनी. जुन्या लाकडावरच्या त्या गाठींवरूनच सांगतो. बाकी तपशील कोणीतरी सविस्तर लिहा, मी रात्री येतो.

पर्णिका
हुंब म्हणतात ते बहुधा बरोबर आहे, पण घाटमाथा, नुसतं नाव घेऊन थांबू नका. समोरासमोर, साधं, अखंड कडेचं पान आपल्या सदाहरित जंगलात निदान सात-आठ कुळांत सापडतं. म्हणून जातीच्या मागे लागण्याआधी कुळ पक्कं करायचं. त्यासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक ताजी डहाळी पुरते. क्रम असा ठेवा :

आधी चीक. कोवळं पान देठापाशी तोडून अर्धा मिनिट थांबा. पावसाळ्यात चीक पातळ असतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून डहाळी कोरडी पुसून मग तोडा. पांढरा दाट चीक आला तर अपोसायनेसी (नागलकुडा, कुडा, करवंद). पिवळा आला तर कोकमाचं कुळ.

मग दोन देठांच्या मधली जागा. देठाच्या बगलेत बघायचं नाही. समोरासमोरच्या दोन देठांना जोडणारी जी मोकळी बाजू असते, तिथे बघायचं. त्या जागी त्रिकोणी उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारा पानासारखा छोटा भाग) असेल तर रुबिएसी, म्हणजे कॉफीचं कुळ. नेहमी शेंड्याकडची पहिली दोन-तीन पेरं तपासा. खालच्या पेरांवरची उपपर्णं बऱ्याचदा गळलेली असतात आणि तिथेच लोक ‘उपपर्ण नाही’ असं लिहून मोकळे होतात.

मग ठिपके. मिर्टेसीचे ठिपके म्हणजे तेलाच्या ग्रंथी, त्यामुळे उजेड त्यांतून आरपार येतो. पान जुनं आणि जाड असेल तर ते दिसत नाहीत, कोवळं पान घ्या. ठिपक्यांच्या जोडीला पानाच्या कडेला समांतर धावणारी शीर हवी. आजूबाजूच्या सगळ्या शिरा तिला जाऊन मिळतात. जांभळाच्या पानावर ती अगदी काठाला चिकटून असते, भिंगाखाली बघा.

शेवटी पान आडवं फाडून दोन्ही तुकडे हलकेच दूर करा. रेशमासारखे बारीक तंतू ताणले गेले तर सेलास्ट्रेसी. सप्तरंगीत (सॅलेशिया) हे सुरेख दिसतं.

यातलं काहीच नाही, चीक नाही, उपपर्ण नाही, ठिपके नाहीत, तंतू नाहीत, तर अंजनी आणि पारजांभूळ यांचा विचार करायचा. पारजांभूळ (ओलिया डायोइका) जाईच्या कुळातलं. त्याच्या शिरा दिसतात आणि रोपाच्या पानांना दातेरी कडा असते. अंजनीचं पान मात्र जाड, शिरा गाडल्यासारख्या.

तुमच्या क्र. २ साठी दोन गोष्टी परत जाऊन बघा. ठिपके आरपार उजेड सोडतात की काळे दिसतात? आणि दोन देठांच्या मध्ये काय आहे?

तळकोकणी
पर्णिकाताईंच्या यादीत थोडी भर.

पिवळा चीक दिसला की लगेच कोकम म्हणू नका. गार्सिनियाच्या पानाच्या देठाच्या बुडाशी आतल्या बाजूला एक खोलगट खाच असते. शेंड्याच्या शेवटच्या जोडीच्या या खाचांत पुढची कळी दडलेली असते. देठ हळूच बाहेर वाकवला की दिसते. उंडीच्या (कॅलोफायलम) बाजूच्या शिरा इतक्या जवळजवळ आणि समांतर असतात की पान रेघा मारल्यासारखं दिसतं. नागकेशराचं पान खालून पांढुरकं, बोट फिरवलं की पांढरा थर निघतो, आणि नवी पालवी लालभडक.

दुसरं, देठांच्या मधलं उपपर्ण म्हणजे रुबिएसीच, असंही नाही. फणशी (कॅरेलिया ब्रॅकिएटा) ऱ्हायझोफोरेसीतली, म्हणजे कांदळवनाच्या कुळातली, पण वाढते डोंगरातल्या ओढ्यांकाठी. तिचं उपपर्ण लांब, टोकदार, शेंड्याच्या कळीभोवती गुंडाळलेलं असतं आणि लवकर गळतं. गळल्यावर पेराभोवती कंकणासारखा वण राहतो. शिवाय पानाच्या खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके असतात. वण आणि खालचे काळे ठिपके एकत्र दिसले तर रुबिएसी खोडून टाका.

करवंद
दालचिनीचं काय? तीन मुख्य शिरा आणि पानं जवळजवळ समोरासमोर. पालोऱ्याच्या (मेलास्टोमा) पानाशी घोळ होतो.

तळकोकणी
चुरगळून वास घ्या, प्रश्न मिटतो. पालोऱ्याला वास नाही, पान खरखरीत केसाळ, आणि उभ्या शिरांच्या मध्ये आडव्या शिरा शिडीच्या पायऱ्यांसारख्या. दालचिनी गुळगुळीत. पावसात नाक दगा देतं, म्हणून पान आधी पुसून, दोन्ही तळव्यांत चोळून लगेच हुंगा.

घाटमाथा
परत बघून आलो. क्र. २ चे ठिपके काळे आहेत, उजेड आरपार येत नाही. पानभर विखुरलेले, काही टाचणीच्या डोक्याएवढे. शेंड्याकडच्या दोन्ही पेरांवर देठांच्या मध्ये रुंद त्रिकोणी उपपर्ण, टोक बारीक. कंकणासारखा वण नाही. चीक नाही.

पर्णिका
मग ते मिर्टेसी नाही. रुबिएसी, आणि काळे ठिपके म्हणजे पॅव्हेटा, आपला पापट. त्या ठिपक्यांत जीवाणू राहतात. पानाच्या आतल्या भागात त्यांच्या वसाहतीभोवती गाठी तयार होतात, म्हणून उजेड अडतो. सुक्या नमुन्यातही गाठी तशाच दिसतात, त्यामुळे हर्बेरियममध्ये (सुक्या नमुन्यांच्या संग्रहात) फूल नसलेला पॅव्हेटा ओळखायला हा सगळ्यात भरवशाचा खुणेचा मुद्दा.

लोखंडी (इक्झोरा ब्रॅकिएटा) आणि बकोरा याच्याच जवळचे, पण इक्झोराच्या पानांत या गाठी नसतात आणि उपपर्णाचं टोक काट्यासारखं लांब निघालेलं असतं. फुलं आली की भेद आणखी सोपा. दोन्हींच्या नळीला चार पाकळ्यांची टोकं, पण पापटाची कुक्षी (स्त्रीकेसराचं टोक) लांब दांड्यावर फुलाबाहेर बरीच पुढे आलेली आणि टोकाला न फुटलेली असते. इक्झोराची थोडीच बाहेर येते आणि दोन भागांत उघडते.

अमुकच जात म्हणून आत्ता लिहू नका. ‘पॅव्हेटा, जात अनिश्चित’ एवढंच यादीत टाका. फुलांशिवाय पॅव्हेटाची जात ठरवणारे लोक आहेत, पण त्यांच्या यादीवर मी विश्वास ठेवत नाही.

करवंद
क्र. १ अंजनी हे मान्य. पण हुंब, तिला कोणत्या कुळात टाकणार? काही यादीत मेमेसायलेसी असतं, काहींत मेलास्टोमेटेसी, म्हणजे पालोऱ्याचं कुळ. पालोऱ्याच्या तीन शिरांच्या केसाळ पानाशी अंजनीचं काय नातं?

हुंब
आता कुळांबद्दल.

बेंथम आणि हूकर यांचं काम १८६२ ते १८८३ या काळातलं. त्यांनी फुलांची ठेवण बघून गट केले. पाकळ्या सुट्या की जोडलेल्या, अंडाशय वर की खाली, पाकळ्या आहेतच की नाहीत. हातात झाड घेऊन ओळखायला ही पद्धत अजून चोख आहे, म्हणूनच आपल्या बहुतेक हर्बेरियममधली कपाटं अजून त्याच क्रमाने लावलेली सापडतात. एपीजी म्हणजे १९९८ पासून डीएनएवरून लावलेली नाती. चौथी आवृत्ती २०१६ ची, ४१६ कुळं. तिचा नियम एकच : एका पूर्वजाची सगळी वंशावळ एका कुळात, एकही शाखा बाहेर नको.

या नियमाने दोन निरनिराळे निकाल लागतात. आपल्या धाग्यात दोन्हींची उदाहरणं आली आहेत.

अंजनी घ्या. मेमेसायलॉन (अंजनीचा जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आणि त्याच्या जवळचे जीनस एका फांदीवर, बाकीचं सगळं मेलास्टोमेटेसी दुसऱ्या फांदीवर, दोन्ही एकाच बुंध्यातून निघालेल्या. त्यामुळे एक कुळ करा किंवा दोन, नियम मोडत नाही. एपीजीने एकच ठेवलं, त्यात अंजनीचं वेगळं उपकुळ. करवंद, तुम्ही मेमेसायलेसी लिहिलंत तरी ते चूक ठरत नाही, फक्त आता फारसं कोणी लिहीत नाही. नातं फुलात दिसतं. चार निळ्या पाकळ्या, आठ पुंकेसर, अधःस्थ (पाकळ्यांच्या खाली असलेलं) अंडाशय. भिंगाखाली परागकोशाच्या पाठीवर एक बारीक खोलगट ग्रंथी असते, ती अंजनीची खास खूण.

आता कोकम. जुन्या गटिफेरीत कोकम, उंडी, नागकेशर, सुरंगी एकत्र होती. पिवळा चीक, समोरासमोर पानं, दिसायला सगळं जुळत होतं. डीएनएने दाखवलं की सह्याद्रीतल्या धबधब्यांच्या खडकांवर शेवाळासारखी चिकटून वाढणारी पोडोस्टेमेसीची झाडं याच वंशावळीच्या मधून निघतात. तेव्हा पर्याय दोनच : एक तर ती पाण्यातली झाडं कोकमाच्या कुळात घ्या, नाहीतर कुळ तोडा. २००९ च्या आवृत्तीत तोडलं. गार्सिनिया क्लुसिएसीत राहिली, उंडी-नागकेशर-सुरंगी कॅलोफिलेसीत गेली. इथे जुनं एकत्र कुळ ठेवायची मुभा नाही.

बाकीचे बदल थोडक्यात : आवळा, आसाणा, भोमा युफोर्बिएसीतून फायलँथेसीत. भारंगी, साग, निर्गुडी व्हर्बेनेसीतून लॅमिएसीत. सावर, मुरुडशेंग, धामण सगळी माल्व्हेसीत. रुई अपोसायनेसीत. कडू कवठ अकॅरिएसीत. घोळ (ट्रेमा हे झाड, भाजीची घोळ नव्हे) कॅनाबेसीत (हो, भांगेच्या). सीता अशोक शेंगांच्या कुळातच, पण २०१७ पासून डेटारिओइडी या उपकुळात.

घाटमाथा, यादीत दोन रकाने करा. एकात एपीजीचं कुळ, दुसऱ्यात बेंथम-हूकरचं. कॉलेजच्या कपाटात नमुना शोधायचा असेल तर दुसरा रकानाच कामाचा.

करवंद
दोन रकाने म्हणजे दुप्पट चुका. एकच पद्धत धरा आणि वर तसं लिहा.

हुंब
ज्याने एकदा नागकेशराची शीट (सुका नमुना चिकटवलेला कागद) कॅलोफिलेसीच्या नावाने गटिफेरीच्या कपाटात शोधली आहे, तो दोन रकाने करतो.

रानभूल
कुळाचं झालं, पण जीनसही बदलतात त्याचं काय? कारवीला अर्धी पुस्तकं कार्विया कॅलोसा म्हणतात, अर्धी स्ट्रोबिलँथेस. गेळ्याचंही तेच.

हुंब
कारवीचं कारण वेगळं. ब्रेमेकाम्पने १९४४ मध्ये स्ट्रोबिलँथेसचे तुकडे करून कितीतरी छोटे जीनस काढले, त्यात कार्विया. पुढे लक्षात आलं की ते तुकडे वंशावळीत स्वतंत्र उभे राहत नाहीत, म्हणून सगळे परत एकत्र केले. आज स्ट्रोबिलँथेसच लिहा. गेळा रँडिया डुमेटोरम होता, आता कॅटुनारेगम स्पायनोसा. जांभूळ युजेनियातून सिझिजियममध्ये गेलं, त्याला मात्र झाडावर दिसणारं कारणही आहे. युजेनियाच्या बीचं कवच फळाच्या गरापासून सुटं आणि दोन्ही डाळिंब्या एकजीव. सिझिजियमचं कवच गराला चिकटलेलं आणि डाळिंब्या सुट्या. जांभळाची बी कापून बघा.

रानभूल
आणि महाबळेश्वरच्या जंगलाला रेनफॉरेस्ट म्हणावं का, यावर इथे आधी भांडण झालं होतं...

तळकोकणी
पाऊस भरपूर आहे. महाबळेश्वरला सरासरी साडेपाच हजार मिमीच्या आसपास, आंबोलीला त्याहून जास्त. पण तो चार महिन्यांत पडून संपतो. सह्याद्रीत दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना कोरडे महिने वाढत जातात, आणि कुठे कोणती झाडं वाढतात हे ठरायला एकूण पावसापेक्षा हे कोरडे महिने महत्त्वाचे. म्हणून केरळातले उंच डिप्टेरोकार्प (साल वृक्षाच्या कुळातली झाडं) आपल्याकडे नाहीत. आपल्या घाटमाथ्यावर वाऱ्याने खुरटलेलं, कमी उंचीचं जंगल, त्यात अंजनी, जांभूळ, पिसा. वनस्पतिशास्त्रात या प्रकाराचं नावच या तीन झाडांवरून पडलं आहे. सदाहरित म्हणा, त्यात वाद नाही. अवांतर संपलं.

सुरंगीवाली
सुरंगी आणि नागकेशर यांबद्दल एक. बाजारात ‘नागकेशर’ म्हणून तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. मेसुआचे (खऱ्या नागकेशराचे) सुके पिवळसर पुंकेसर, सुरंगीच्या सुक्या तांबूस कळ्या, आणि काळं नागकेशर म्हणून दालचिनीच्या जातींची कच्ची फळं. यातली दोन निदान एका कुळातली, तिसऱ्याचा काही संबंध नाही. झाडावर भेद सोपा. सुरंगीची फुलं पानं नसलेल्या जुन्या फांदीवर घोसाने येतात आणि कळीचा निदलपुंज (पाकळ्यांबाहेरचं आवरण) बंद असतो, उमलताना दोन भागांत फाटतो. नागकेशराचं फूल शेंड्याकडे किंवा पानाच्या बगलेत, मोठं, चार सुटी निदलं, आणि ती फळाच्या बुडाशी टिकून राहतात. कळ्या गरम पाण्यात दहा मिनिटं टाकल्या की फुगतात, मग चिमट्याने निदलपुंज उघडून बघता येतो.

घाटमाथा
नमुने ठेवायचे आहेत. अंजनीची डहाळी कागदात दाबली तर चौथ्या दिवशी सगळी पानं गळून पडली. दाब कमी पडला का?

पर्णिका
दाबाचा संबंध नाही. जाड पानांच्या डहाळ्या कागदात दिवसचे दिवस जिवंत राहतात आणि जिवंत असल्यामुळेच देठापाशी पान तोडून टाकतात. अंजनी, जांभूळ, पिसा, सगळ्यांचं हेच. आधी डहाळी मारावी लागते. देठासकट सगळी उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, पुसा, मग दाबा. जंगलात पाणी उकळायची सोय नसेल तर डहाळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सत्तर टक्के स्पिरिट शिंपडून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. काही आठवडे टिकतात. रंग मात्र तपकिरी होतो, म्हणून फुलाचा आणि पालवीचा रंग तिथेच वहीत लिहा.

पुढे डीएनए काढायचं असेल तर स्पिरिट लावण्याआधी एका कोवळ्या पानाचे तुकडे कोरड्या सिलिका जेलमध्ये टाका. पानाच्या वजनाच्या दहापट जेल. जेलचा रंग बदलला की नवं.

पावसाळ्यात कागद पहिले चार-पाच दिवस रोज बदला. ओल राहिली की बुरशी धरते, आणि ती आधी उपपर्णांवर आणि कळ्यांवर धरते, म्हणजे ओळखायला हवा असलेला भागच जातो. एक तरी पान उलटं ठेवा, खालची बाजू दिसली पाहिजे. डहाळी २८ × ४२ सेंमीच्या शीटवर मावेल एवढी. अंजनीसाठी जुन्या लाकडाचा तुकडाही घ्या, कारण फुलं त्याच्यावरच येतात. लेबलवर ठिकाण, उंची, तारीख, झाडाची उंची, चीक, वास. शीटवर न दिसणारं सगळं.

आणि जुन्या शीट हाताळताना हातमोजे घाला. पूर्वी कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड लावत, ते अजून कागदात आहे.

करवंद
हे सगळं परवानगी असेल तर. अभयारण्यात लेखी परवान्याशिवाय डहाळी तोडणं गुन्हा आहे. नुसती ओळख हवी असेल तर पेराचा जवळून फोटो, उजेडासमोर धरलेलं पान आणि पानाची खालची बाजू, हे तीन फोटो पुरतात. लोक टाकतात ते सगळे लांबून काढलेले, त्यात हिरवं सोडून काही दिसत नाही.

घाटमाथा
परवाना आहे. शेवटचा प्रश्न : अंजनीची जात ठरवायला पुन्हा कधी जाऊ?

हुंब
फुलं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, जागेप्रमाणे मागेपुढे. त्या आधी जुन्या गाठींवर कळ्यांचे गुच्छ दिसायला लागतील. तेव्हा गुच्छाला स्वतःचा दांडा आहे की तो थेट लाकडाला चिकटलेला आहे, ते मोजपट्टी धरून लिहा. कोवळी फांदी गोल की चौकोनी तेही. मेमेसायलॉन अंबेलॅटमचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या अंजनीचा, गुच्छ दांड्यावर, फांदी गोल. फळ गोल, पिकल्यावर जांभळट काळं, डोक्यावर निदलांच्या कडेचं कडं, आत एक बी. जुन्या पुस्तकांत आपली अंजनी मेमेसायलॉन एडुले म्हणून सापडेल, यादी जुळवताना ते नाव बाजूला लिहून ठेवा. पापट उन्हाळ्याच्या शेवटी फुलतो, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही मिळतीलच असं नाही. दोन्ही झाडांना आत्ताच क्रमांकाची पत्र्याची पट्टी लावा, सुतळीने सैल बांधून. तार नको, खोड वाढलं की रुतते.